मिक्सिंग ग्लासवालं बार किट घ्यावं का? एल प्रेसिदेंते करून बघितल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. ऑनलाइन ते बार किट मिळतं ना, जाड काचेचा नक्षीवाला मिक्सिंग ग्लास, पिळाचा लांब चमचा, जिगर (दारू मोजायचं छोटं माप), गाळणी आणि सगळं अडकवायला लाकडी स्टँड, दीड-दोन हजारांत, फोटोत एकदम हॉटेलचा बार वाटतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दहा नावांनी तोच माल विकतात. माझं मत विचाराल तर चमचा आणि जिगर सुटे घ्या, बाकीच्या पैशाची चांगली व्हर्मुथ (जडीबुटी घातलेली वाईन) आणा.

टेस्ट करायला मुद्दाम एल प्रेसिदेंते हे रमचं कॉकटेल घेतलं. लिंबू नाही, ज्यूस नाही, सोडा नाही, रम आणि व्हर्मुथ आणि वर दोन गोष्टी अगदी चिमूटभर, त्यामुळे काही बिघडलं तर लपायला जागाच नाही. ड्रिंक क्युबाचं, हवानातलं. तिकडे १९१५ सालच्या छापील पुस्तकात याची कृती आहे. नाव कुठल्या राष्ट्राध्यक्षावरून पडलं यावर लोक अजून भांडतात, मेनोकाल (१९१३ ते १९२१) की माचादो (१९२५ ते १९३३), पण कृती १९१५ ला छापली असेल तर माचादोचा नंबर कसा लागणार, तो तर दहा वर्षांनी आला. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा तिथली मंडळी प्यायला हवानाला जायची आणि हे ड्रिंक बाहेर पसरलं.

आता हे ढवळायचं, शेकरमध्ये खळखळवायचं नाही. लिंबू, दूध, अंडं असं काही असेल तर शेक, नुसती दारू-दारू असेल तर ढवळा, असा साधा हिशोब आहे. शेक केलं की हवा शिरते, बर्फाचा चुरा पडतो, ड्रिंक गढूळ होतं. ढवळलं की काचेसारखं स्वच्छ राहतं आणि जिभेवर जरा जाडसर, मऊ लागतं. ढवळताना दोनच कामं होत असतात, गार होणं आणि पाणी मिसळणं, आणि ते पाणी चुकून नाही, हवंच असतं, जवळजवळ पाव हिस्सा पाणी मिसळलं की रमचा चटका जातो आणि वास वर येतो.

इथेच किटातल्या ग्लासचं पितळ उघडं पडतं. काच जाड, चांगली वजनदार, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेली काच हाताला कोमट लागते. तुम्ही रम ओतली, बर्फ टाकला, की आधी तो बर्फ काच गार करण्यातच विरघळतो, ड्रिंक गार व्हायच्या आधीच पाणचट. उपाय म्हणजे ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवा, असं सगळे सांगतात, पण आमच्या फ्रीझरमध्ये मटार, खवलेला नारळ आणि आईने दिलेलं पुरणाचं सारण, तिथे हा वीतभर उंच ग्लास कुठे घुसवू? म्हणून तुळशीबागेतून आणलेलं पातळ स्टीलचं उभं भांडं काढलं. पातळ स्टीलला स्वतःला गार व्हायला फारसा बर्फ लागत नाही, ते लगेच गार पडतं, बाहेरून दव धरतं, आणि तेवढ्याच वेळात ड्रिंक जास्त गार आणि कमी पाणचट. दोन्हीत एकाच मापाने करून शेजारी ठेवलं तर फरक कुणालाही कळेल, माझ्या दादाला कळला, जो रममध्ये थम्सअप नसेल तर त्याला औषध म्हणतो.

तांबट आळीतलं तांब्याचं भांडं घेऊ का असं एका मैत्रिणीने विचारलं. दिसेल भारी, पण व्हर्मुथ म्हणजे शेवटी वाईन, आंबट, आतून कल्हई नसेल तर नको.

चमचा मात्र खरंच कामाचा. साध्या चमच्याने ढवळलं तर बर्फ खडखड आपटतो, तुटतो, आणि तुटलेला बर्फ पटापट वितळतो. लांब चमच्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकवायची आणि दांडी दोन बोटांत सैल धरून फिरवायची, म्हणजे सगळा बर्फ एक गठ्ठा होऊन गोल फिरतो, आवाज जवळजवळ येतच नाही. अर्धा मिनिट पुरतं. मध्ये मध्ये थेंबभर चाखा, चटका गेला की थांबा. आमच्या चमच्याच्या पिळावरचं सोनेरी पॉलिश महिन्याभरात उडायला लागलं, तेव्हा सोनेरी-बिनेरी नकोच, साधं स्टील घ्या.

जिगर हवाच, पण आलेला जिगर वजनकाट्यावर तपासा. ३० मिली पाणी म्हणजे ३० ग्रॅम, त्यात काय अवघड नाही. आमच्या किटातल्याची ३० ची बाजू काठोकाठ भरून २७ भरली. लोकांना वाटेल तीन ग्रॅमने काय होतं, पण सगळी मापं सारखी चुकतील तर चालेल हो, इथे दुसरी बाजू बरोबर आणि ही कमी, मग प्रमाणच बदलतं ना. गाळणीचं म्हणाल तर चहाची नवी गाळणी तेच काम करते. नवी म्हणतेय, रोजची नको.

बर्फाबद्दल कुठलंच किट काही सांगत नाही आणि निम्मं ड्रिंक तिथेच आहे. फ्रीजच्या ट्रेमधले छोटे खडे ओलसर असतात, लगेच वितळतात. मी डब्यात पाणी भरून मोठा ठोकळा करते आणि बत्त्याने फोडते. काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर थर्माकोलच्या छोट्या खोक्यात डबा ठेवा, वरून झाकण लावू नका, पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे सगळे तळाशी ढकलले जातात, पूर्ण गोठायच्या आत काढलं की वरचा भाग पारदर्शक. बाहेरून बर्फाची लादी आणून फोडायचा उद्योग नको, तो बर्फ मासे आणि माल गार ठेवायला असतो, ग्लासात टाकायला नाही.

माप माझं असं: ४५ मिली पांढरी रम, २५ मिली बियांको व्हर्मुथ, एक छोटा चमचा संत्र्याची लिकर (गोड दारू), अर्धा चमचा ग्रेनेडिन (डाळिंबाचं सरबत). जुन्या कृतीत रम आणि व्हर्मुथ निम्मं-निम्मं आहे, मला ते गोड होतं. व्हर्मुथ पांढरी आणि गोडसर हवी, ड्राय नको. ड्राय टाकून बरेच जण करतात आणि मग म्हणतात की हे ड्रिंक फालतू आहे. मूळ प्रकार फ्रान्समधल्या शाँबेरीचा, आपल्याकडे मार्टिनी बियांको मोठ्या दुकानात मिळून जाते आणि तिने छान होतं. उघडली की फ्रीजमध्येच, आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. वाईन आहे ती, कपाटात व्हिस्कीशेजारी वर्षभर उभी केली तर तिचा जीव जातो. संपत नसेल तर बर्फ, सोडा आणि संत्र्याची फोड, दुपारी मस्त लागते.

रमचं म्हणाल तर बकार्डीची पांढरी चालते, आणि ती कंपनी मूळची क्युबाचीच, १८६२ ला सांतियागोत सुरू झालेली, १९६० मध्ये सरकारने तिथली मालमत्ता ताब्यात घेतली. ओल्ड मंक इथे टाकू नका. माझं प्रेम आहे तिच्यावर, पण तिचा व्हॅनिलाचा वास बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. तिला त्याच भांड्यात ६० मिली घ्या, अंगोस्तुरा बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) दोन-तीन थेंब, ढवळा, मोठ्या बर्फावर ओता, साखर बिलकुल नको, ती आधीच गोड आहे. दादा आता हे पितो, थम्सअपशिवाय, फक्त मान्य करत नाही.

ग्रेनेडिन बाटलीतलं म्हणजे बहुतेक वेळा लाल रंग आणि साखर. मंडईतून सोलापूरकडची भगवी डाळिंबं आणा, रस काढा, तेवढीच साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा, उकळून काकवी करू नका, वर लिंबाचे चार थेंब. ड्रिंकचा रंग फिकट केशरी-सोनेरी यायला पाहिजे, गुलाबी झालं तर ग्रेनेडिन जास्त झालं. संत्र्याची साल वर पिळायची, म्हणजे तेलाचे तुषार ग्लासवर उडतात. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल, नीट पिळली जात नाही, मोसंबीची किंवा जाड सालीच्या माल्ट्याची घ्या.

आणि हो, आपल्याकडे महाराष्ट्रात घरी प्यायलाही परमिट लागतं आणि कडक दारूला वय २५ पूर्ण हवं, काउंटरवर विचारलं तर चिडू नका.

तर किटला पाचपैकी दोन, चमच्याला चार. चेरी घालायची असेल तर ती केकवरची लालभडक पाकातली नको, त्यापेक्षा काहीच नको.