कॅम्पर व्हॅनमधला पहिला पूर्ण हिवाळा: पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पाच महिन्यांत आम्ही दोघांनी या गाडीत एकूण 58 रात्री काढल्या. त्यांतल्या तीसहून अधिक रात्री बाहेरचे तापमान शून्याखाली होते आणि सर्वांत थंड रात्री ते उणे 14 अंश सेल्सियसपर्यंत उतरले. गाडी म्हणजे उंच छताची, सुमारे सहा मीटर लांबीची मालवाहू व्हॅन. आतले सगळे काम आम्ही स्वतः केले आहे: भिंतींचे उष्णतारोधक थर, डिझेलवर चालणारा दोन किलोवॉटचा हवा-हीटर, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावरचा पंखा, पाण्याची सोय आणि पलंग. यांतले काय टिकले, काय उखडून पुन्हा करावे लागले आणि का, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तयारी करताना मला जे वाचायला मिळाले ते बहुतेक काम नुकतेच संपलेल्या गाड्यांविषयीचे होते. एक हिवाळा काढलेल्या गाडीविषयी फारच थोडे होते.

सुरुवातीला माझे सगळे लक्ष उबेवर होते. ऊब मिळवणे त्या मानाने सोपे निघाले. पहिल्याच गारठ्याच्या रात्री हीटरने वीस मिनिटांत आतले तापमान 18 अंशांवर नेले आणि आम्ही निर्धास्त झोपलो. खरी अडचण तीन आठवड्यांनी कळली. पलंगाखालच्या खणातून काही काढताना हाताला ओल लागली, म्हणून गादी उचलून पाहिली, तर तिचा खालचा भाग चिंब होता आणि प्लायवुडवर बुरशीचे काळे ठिपके उमटले होते. छत गळत नव्हते, टाकी फुटलेली नव्हती. पाणी नेमके कुठे मुरते आहे हे शोधण्यात पुढचे दोन आठवडे गेले आणि त्या शोधातच हिवाळी गाडीचे बहुतेक गणित मला उलगडले.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोघांचे मिळून 80 ग्रॅम. आमच्या गाडीत सुमारे 12 घनमीटर हवा मावते. 20 अंशांची हवा प्रत्येक घनमीटरमागे जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, म्हणजे सगळ्या गाडीची क्षमता जेमतेम 200 ग्रॅम. झोपताना हवा निम्मी दमट असेल आणि सगळी दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर सव्वा तासात ती पूर्ण भरते. उरलेल्या रात्रभराचे पाणी मिळेल त्या थंड पृष्ठभागावर उतरत राहते. काच, दाराची चौकट आणि उघडा पत्रा हे पृष्ठभाग दिसतात, त्यामुळे तिथले दव पुसले जाते. गादीची खालची बाजू दिसत नाही. अंगाची ऊब आणि ओल गादीतून खाली झिरपते, खालची फळी थंड असते आणि तिथे पोहोचलेल्या बाष्पाचे पाणी होते.

यावर उपाय म्हणून मी आधी ओल शोषणारे खडे भरलेले डबे ठेवले. ते पूर्ण निरुपयोगी ठरले असे म्हणणार नाही, पण रात्रीत अर्धा-पाऊण लिटर पाणी तयार होत असताना काही चमचे पाणी शोषणाऱ्या डब्याने काय साधणार? उपाय शेवटी हवा बदलण्याचाच होता आणि तो मनाला पटायला वेळ लागला, कारण बाहेर बर्फ असताना छताची झडप उघडी ठेवणे कोणालाही वेडेपणाच वाटेल. म्हणून मी हिशेब मांडला. शून्य अंशांची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे पाच ग्रॅमहून कमीच बाष्प असते. तीच हवा आत येऊन 20 अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली येते. तासाला 20 घनमीटर हवा बदलली, तर दोघांचे बाष्प धरूनही आतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहते आणि ती हवा तापवायला लागणारी उष्णता 140 वॉटहून जास्त नसते. दोन किलोवॉटच्या हीटरला हा भार जाणवतसुद्धा नाही. त्या दिवसापासून छताची झडप दोन बोटे उघडी आणि पंखा सर्वांत कमी वेगावर, तर खालून हवा यावी म्हणून सरकत्या दाराजवळ जमिनीलगत जाळी बसवलेले एक छिद्र कायम मोकळे, अशी व्यवस्था आहे. काचांवर आता पहाटे कडेला थोडे धुके असते, ओघळ नसतात. पलंगाचे प्लायवुड काढून अंतर ठेवून पट्ट्या ठोकल्या आणि गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाड विणीची जाळी अंथरली. फेब्रुवारीत पुन्हा पाहिले तेव्हा तिथे सगळे कोरडे होते. साधा आर्द्रतामापक मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. माझा तीन आठवडे उशिरा आला आणि एक गादी वाया गेली.

भिंतींविषयी लिहायला हवे, कारण तिथे मी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या होत्या आणि त्यामुळे तुलना आपोआप झाली. उजव्या भिंतीवर आणि छतावर 19 मिलिमीटर जाडीचा, बंद छिद्रांचा रबरी फोम थेट पत्र्याला चिकटवला होता. डाव्या भिंतीसाठी तो कमी पडला, म्हणून तिथे पत्रा आणि लाकडी आवरण यांच्यामधल्या पोकळीत तंतुमय कापसासारखे भरण घातले. जानेवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंचे एकेक आवरण उघडले. उजवीकडे फोम जसा लावला तसाच होता, कारण पत्र्याला चिकटलेल्या फोममधून दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. डावीकडे भरणाचा पत्र्याकडचा थर ओला होऊन खाली बसला होता आणि त्याच्या मागच्या पत्र्यावर गंजाची पहिली रेघ दिसत होती. ओले भरण उष्णताही नीट रोखत नाही. ते सगळे काढून, पत्रा सुकवून, गंजरोधक लेप देऊन तिथेही फोम लावला. तंतुमय भरण वाईट असते असा याचा अर्थ नाही; पण आतल्या बाजूने बाष्प अडवणारा अखंड पडदा लावता आला नाही, तर निदान पत्र्याच्या गाडीत ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पत्र्याला आतून मजबुती देणाऱ्या ज्या पोलादी बरगड्या असतात, त्यांच्याकडे माझे पहिल्या वेळी दुर्लक्ष झाले. पोलादातून उष्णता फोमच्या हजारपटींहून अधिक वेगाने वाहते, त्यामुळे दोन बरगड्यांमधली जागा कितीही नीट भरली तरी बरगडी उघडी राहिली की तिथे दव धरतेच. आवरण बसवण्याआधी प्रत्येक बरगडीवर सहा मिलिमीटरची फोमची पट्टी लावायला एक दिवस पुरला असता. मागाहून तेच काम करायला चार दिवस लागले. जमिनीखाली 30 मिलिमीटरचे ताठ फोमचे तक्ते आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

काचांच्या बाबतीत आतून लावायची झाकणे सोयीची आहेत, पण पुढच्या मोठ्या काचेवर ती पुरत नाहीत. झाकण आतून असले की काच बाहेरच्या हवेइतकीच थंड राहते, कडेच्या फटींतून दमट हवा आत शिरते आणि सकाळी झाकण व काच यांच्यामध्ये बर्फाचा पापुद्रा मिळतो. बाहेरून लावायच्या जाड आवरणाने हा प्रश्न सुटला. फक्त सकाळी ओले, कडक झालेले आवरण गुंडाळून ठेवायला एक जलरोधक पिशवी हाताशी हवी. चालकाच्या बैठकीमागे जमिनीपर्यंत पोहोचणारा जाड पडदा लावल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही महागड्या वस्तूने पडला नव्हता, कारण गाडीतली सर्वांत थंड जागा ती पुढची खोलीच असते.

हीटरविषयी एकंदरीत समाधान आहे. त्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो, त्यामुळे तो आत बाष्प वाढवत नाही. उघड्या ज्योतीच्या गॅस-शेगडीने गाडी तापवणे याच कारणाने चुकीचे आहे. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर त्याहून कितीतरी गंभीर आहे. आमच्या हीटरला एका रात्रीत साधारण दीड ते दोन लिटर डिझेल लागते. चालताना तो 15 ते 25 वॉट वीज घेतो. सुरू होताना मात्र ग्लो प्लगमुळे (इंधन पेटवण्यासाठी विजेवर तापणाऱ्या भागामुळे) काही मिनिटे आठ-दहा अँपिअर ओढले जातात, म्हणून रात्रीतून वारंवार बंद-चालू करण्यापेक्षा तो मंद चालू ठेवणे बॅटरीला सोसते.

तिसऱ्या महिन्यात मात्र तो सुरू होताना पांढरा धूर सोडून बंद पडू लागला. उघडल्यावर ज्वलनकक्षात काजळीचे थर निघाले. चूक वापराची होती: दिवसेंदिवस तो सर्वांत मंद आचेवर चालवला, आणि त्यातच एक पूर्ण आठवडा 2,000 मीटरहून अधिक उंचीवर काढला, जिथे हवा विरळ असल्याने इंधनाचे प्रमाण जास्त होऊन काजळी धरते. आता रोज बंद करण्याआधी वीस मिनिटे तो पूर्ण आचेवर चालवतो आणि उंचावर जाताना नियंत्रकातले उंचीचे मान बदलतो. त्यानंतर तक्रार आलेली नाही. त्याची वीज मधूनच कधीही तोडू नये, कारण बंद केल्यावर आतला पंखा काही मिनिटे फिरून कक्ष थंड करतो आणि ते अर्धवट राहिले तर भाग जळतात. बर्फ पडत असेल तर धूर-नळीचे तोंड मोकळे आहे की नाही हे झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा, असे दोनदा मी स्वतः उतरून पाहते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी दोन उपकरणे आहेत, त्यांतले एक उशाजवळ. यात काटकसर करण्याचा विचारही कोणी करू नये.

डिझेलच्या बाबतीत एक गोष्ट सहज निसटते. थंडीत साध्या डिझेलमधले मेण घट्ट होऊन गाळणी तुंबते, म्हणून थंड प्रदेशात हिवाळी डिझेल मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण टाकीत नवे डिझेल भरले तरी हीटरच्या बारीक नळीत जुनेच शिल्लक असते. ते संपावे म्हणून भरल्यानंतर हीटर निदान अर्धा तास चालवावा.

बॅटरीने एकदा चांगलेच कोड्यात टाकले. सकाळी दोन तास गाडी चालवूनही ती भरेना. तारा तपासल्या, फ्यूज तपासले, सगळे ठीक होते. लिथियम बॅटरी शून्य अंशांखाली भरली तर तिच्या ऋण अग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते, म्हणून तिच्यातली संरक्षक यंत्रणा भरणे थांबवते; आमची बॅटरी सरकत्या दाराजवळच्या बैठकीखाली होती आणि तिथले तापमान उणे तीन निघाले. ती पलंगाखालच्या खणात हलवली आणि हीटरच्या गरम हवेच्या नळीला तिथे एक लहान छिद्र ठेवले. छतावरच्या सौर तक्त्यांवर हिवाळ्यात फार विसंबू नये. सूर्य खाली असतो, तक्ते आडवे असतात, दिवस लहान असतो. त्यामुळे आमच्याकडे भरणा मुख्यतः गाडी चालवतानाच झाला.

पाण्याची मूळ टाकी गाडीच्या तळाखाली होती. तिसऱ्याच सहलीत ती गोठली आणि पंपाचे कवच तडकले, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पंपात त्याला जागा नसते. आता आत 20 लिटरचे दोन डबे आहेत, पंप त्यांच्या शेजारीच आहे आणि गाडी दोन दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तेव्हा नळ्या व गाळणी पूर्ण रिकामी करतो. सांडपाणी आतल्याच झाकणाच्या बादलीत जमते.

उरलेल्या कामांत मागची दुहेरी दारे आहेत. त्यांच्या बिजागरांजवळचा पत्रा अजून उघडा आहे, तिथे उणे दहाच्या खाली पांढरे दहिवर धरते आणि सध्या रोज सकाळी ते फडक्याने टिपावे लागते. दारांची आतली आवरणे काढून तिथे दहा मिलिमीटरचा फोम बसतो का, ते मोजून झाले आहे. बसतो, फक्त कुलुपाच्या सळ्या हलायला जागा ठेवून तो कापावा लागेल.