कागदी एअर फिल्टर की धुवायचा कॉटनचा?

भाच्याला १५० सीसीच्या गाडीला कॉटनचा फिल्टर टाकायचाय. 'पिकअप वाढतो' हे सोडून द्या. बाकी काहीच न बदललेल्या इंजिनात फरक जाणवण्याइतका नसतो.

खर्च: कागदी दोन-तीनशेत येतो, कॉटनचा काही हजारांत. तो वसूल व्हायला वर्षं जातात, आणि धुण्याचं क्लीनर, तेल वेगळं.

धूळ: चांगला कागद बारीक धूळ जास्त अडवतो. कॉटनची धुळीवरची पकड त्याला लावलेल्या तेलावर असते. तेल सुकलं की धूळ सरळ सिलिंडरात.

मेहनत: खरी गोम इथेच. कॉटनचा धुताना पाणी आतून बाहेर सोडायचं, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग घड्यांवर बेताचं तेल. घाईत ओला बसवू नका, पेट्रोलने तर धुऊच नका. कोरडा कागदी फिल्टर आतून हलक्या हवेने झटकता येतो. बऱ्याच गाड्यांत मात्र तेलकट कागदाचा असतो. त्याला हवा मारायची नाही, थेट बदलायचा. गॅरेजवाले तरी मारतातच!

रोज ऑफिस किंवा उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ असेल तर कागदी, आणि मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच बदला. रविवारी स्वतः हात काळे करायची हौस असेल, गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल, तर कॉटनचा घे म्हणावं.