कीबोर्ड-माउस अचानक बंद पडले तर आधी नेट तोडा

‘वर्गणी चुकून कापली गेली, पैसे परत करतो’ असा फोन काकांना आला. बोलणारा एकदम अदबशीर. त्याने दूरवरून संगणक चालवायचं ॲप टाकायला लावलं, नेटबँकिंग उघडायला सांगितलं आणि मध्येच परवानगीची खिडकी आली तिथे ‘होय’ दाबून घेतलं.

सगळी मेख त्या ‘होय’मध्ये. कीबोर्ड आणि माउस अडवायची सोय विंडोजमध्येच आहे, ब्लॉकइनपुट नावाची. तिला ॲडमिनचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करायचे अधिकार लागतात, आणि ते त्या ‘होय’ने मिळाले. सोय वाईट नाही. इन्स्टॉलेशन चालू असताना कुणी मध्ये क्लिक करू नये म्हणूनही ती वापरतात. इथे ती चोराच्या हातात पडली.

पडदा निळा झाला. ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’, खाली गोल फिरणारे ठिपके. काकांनी माउस फिरवला, काही होईना. फोनवर तोच सूर, ‘सर, हात लावू नका, सर्व्हर काम करतोय.’ अहो, विंडोजचा खरा अपडेटचा पडदा येतो तो संगणक बंद किंवा रीस्टार्ट होताना. असा चालू कामात येत नाही.

आपला हात अडवला तरी त्याच्या प्रोग्रामने पाठवलेली क्लिक चालूच राहते. त्या निळ्या पडद्याआड त्याने काकांच्याच एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळवली आणि ब्राउझरमधल्या पानावरचा मजकूर बदलून तिला ‘परतावा’ म्हटलं. पडदा हटल्यावर रडका आवाज: ‘एक शून्य जास्त पडलं सर, माझी नोकरी जाईल, वरचे तेवढे परत पाठवा.’ काकांनी पाठवले. स्वतःचेच पैसे!

असं काही दिसलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा. ते थेट विंडोजकडे जातं आणि ब्लॉकइनपुटचं कुलूप सुटतं. मात्र पडदा झाकायच्या आणि हात अडवायच्या इतरही युक्त्या असतात, त्यामुळे त्यावर विसंबून वेळ घालवू नका. राउटर बंद करा, नाहीतर पॉवरचं बटण दाबून धरा. ‘अपडेट बिघडेल’ या धाकाला भीक घालू नका.

नंतर ते ॲप काढायला बसलो तर त्यात कायमचा पासवर्ड टाकून ठेवलेला: लॅपटॉप चालू केला की ॲप आपोआप सुरू, आणि चोराला कधीही, आपल्याला न विचारता आत येता यावं. म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून न बदलता माझ्या फोनवरून बदलले. बँकेने नेटबँकिंग बंद केलं. गेलेल्या पैशांची तक्रार अजून चालू आहे.