टीडीएस मीटर: चांगलं यंत्र, चुकीचे निष्कर्ष

आरओ विकायला आलेला माणूस नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि पाणी खराब ठरवतो. पुण्यात हे सर्रास चालतं. तीनशे-चारशे रुपयांचा हा मीटर घरी असावाच, पण तो काय मोजतो हे नीट समजून घेऊन.

टोकाच्या दोन पिनांमधून पाण्यात वीज किती सहज वाहते, ते तो मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतो. पेला त्याच पाण्याने दोनदा विसळा, पिना खुणेपर्यंतच बुडवा, हलकेच आपटून बुडबुडे काढा, आकडा थांबला की होल्ड दाबा. नंतर पिना आरओच्या पाण्याने धुवा. बोट लावू नका, घामातले क्षार पुढच्या मोजणीत येतात. खुणेच्या वर बुडवला की पाणी बटणसेलपर्यंत जातं. पडद्यावर ‘×१०’ दिसत असेल तर आकडा दहाने गुणा, नाहीतर बोअरचं १२०० चं पाणी १२० वाटेल. सोबत ३४२ चं कॅलिब्रेशन द्रावण घ्या. मागचा बारीक स्क्रू फिरवून तो आकडा जुळवायचा.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणसाखळीत सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी येतं, त्यामुळे नळाचा आकडा सहसा दोनशेच्या आत असतो. बेसाल्टच्या भेगांत मुरलेलं बोअरचं पाणी त्याहून बरंच जड. सोसायटीच्या टाकीतला आकडा एकाएकी दुप्पट झाला, तर टँकरवाल्याने पाणी कुठून भरलं हे विचारायला हरकत नाही. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात तर मीटर आणखी कामाचा: उपसा वाढला की विहिरीत खारं पाणी शिरतं, आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असल्याने ते एक टक्का मिसळलं तरी साडेतीनशेची भर दिसते.

आरओचा मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदाही, याने तपासता येतो. आत ६००, तर बाहेर साठ-सत्तर हवं. यंत्र रात्रभर बंद असेल तर पहिला पेला मोजू नका, त्यात क्षार जास्त उतरतात. टीडीएस कंट्रोलर असलेल्या यंत्रात कच्चं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं, हेही लक्षात घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. दीडशेच्या पाण्याला आरओ लावून, लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणं आम्हाला तरी पटत नाही.

विक्रेत्याचा दुसरा प्रयोग पाण्यात कांड्या घालून वीज सोडण्याचा. पाणी तपकिरी होतं, पण तो रंग झिजलेल्या लोखंडी कांडीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज जेमतेम वाहते, म्हणून ते निवळ राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: मीटरला जंतू दिसत नाहीत. सांडपाणी झिरपलेल्या नळाचा आकडाही १५० येऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. असा धोका या यंत्राला कळत नाही.

त्यासाठी, जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात उरलंय का हे तपासायची ओटी (ऑर्थोटोलिडिन) थेंबांची बाटली घ्या. नळीत पाणी घ्या, बाटलीवर लिहिलेत तितके थेंब टाका आणि लगेच, काही सेकंदांत, पिवळा रंग पट्टीशी जुळवा. उशीर केला तर आकडा फुगतो. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. हे रसायन विषारी आहे, मुलांपासून लांब ठेवा, तपासलेलं पाणी ओतून टाका. जंतूंची शंका असेल तर एच-टू-एसची बाटली खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही.

टीडीएस मीटर आणि क्लोरीनची बाटली यांपैकी एकच परवडत असेल तर आधी क्लोरीनची बाटली घ्या. नळाच्या पाण्याला रंग आलाच नाही, तर पाणी खळखळून उकळा आणि जमिनीखालची टाकी व ड्रेनेजलगतचे पाइपचे जोड त्याच दिवशी प्लंबरकडून बघून घ्या.