लॉन, कुंड्या की झुडपांचा वाफा? पुण्यातल्या छोट्या बागेसाठी काय परवडतं

पुण्यात जुलैमध्ये काहीही खोचलं तरी जगतं, म्हणून बाग ठरवताना ऑगस्टमधले फोटो बघू नका, मे महिन्यात दहा दिवस कोकणात जाऊन आलात तर मागे काय उरलेलं असेल ते बघा.

लॉन दिसायला एक नंबर, पोरं लोळतात, पण जरा हिशोब करा. 20 बाय 10 फुटांचा तुकडा म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर, म्हणजे उन्हाळ्यात रोज 5 मिमी धरलं तरी 90-95 लिटर गेलं, आणि गेटवर टँकर उभा! त्यात लव्हाळा घुसला की संपलंच, वरून कितीही उपटा, खाली गाठी राहतात. आमच्याकडे होतं लॉन, दोन उन्हाळ्यांत त्याची पिवळी चटई झाली.

झुडपांच्या वाफ्यात पहिलं वर्ष चिडचिड होते, रोपं बुटकी, मधे नुसती माती, आणि पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं. पण मुळं खाली गेली आणि वर तीन-चार इंच पालापाचोळा अंथरला (खोडाला चिकटवायचा नाही हं) की आठवड्यातून एकदोनदा पाणी पुरतं. आणि फुलांची ड्युटी लागलेली असते, उन्हाळ्यात मोगरा, पहिल्या पावसाला लिली, ऑगस्टपासून सकाळी प्राजक्ताचा सडा, थंडीत कोरांटी नि कुंद, आणि तगर बिचारी जवळपास बारा महिने कामावर. कण्हेर पाण्याविना सगळ्यात चिवट, पण विषारी, घरात रांगतं बाळ किंवा कुत्रं असेल तर नकोच.

कुंड्या भाड्याच्या घरात किंवा नुसती गच्ची असेल तर ठीक. मेमध्ये तापतात, रोज पाणी लागतं, म्हणजे गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली आलीच.

माझं मत वाफ्याला, आणि पोरं लहान असतील तर त्यांना लोळण्यापुरतं लॉन ठेवा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की सोलापूर रोडला उरुळी कांचनकडे नर्सऱ्यांमध्ये चक्कर मारा, मोठी झाडं घेऊ नका, छोटी रोपं लवकर रुजतात नि स्वस्तही पडतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फ्लॉवर शोला गेलात की पिटुनिया आणायचा मोह होणारच, आणा की, पण ते उन्हाळ्यापर्यंतचे पाहुणे.