चासीला काळं, माझ्या तोंडाला पानं

वडिलांची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड अलिबागच्या घरी पडवीत सतरा वर्षं उभी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर. मी निवृत्त झाल्यावर तिची बॉडी उचलली तेव्हा खाली काय दिसणार याचा अंदाज होताच. चासीचे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचे, मुख्य दांडे बरे वाटले, पण दाराखालचा पत्रा ज्यांच्यावर बसतो ते बाजूचे हात चाळणी झाले होते.

हेरल्ड न पाहिलेल्यांसाठी सांगतो. अ‍ॅम्बॅसिडर किंवा पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. 1961 पासून मद्रासला बनू लागलेली हेरल्ड मात्र जीपच्या वळणाची, खाली चासी आणि वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. खोलायला सोपी, पण चासी गेली की गाडी गेली. त्यात तिचे दांडे पोकळ पेटीसारखे, म्हणजे गंज आतून खात जातो आणि बाहेरून पत्रा ठणठणीत दिसतो.

महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्यानं काम घेतलं. "काका, सँडब्लास्टिंग करून एपॉक्सी प्रायमर, वर टू-के काळा, पोकळीत वॅक्स. दहा वर्षं खाली वाकून बघू नका." म्हणजे वाळूचा मारा करून गंज उडवायचा, मग गंज रोखणारा पहिला थर, वर दोन घटक मिसळून मारायचा पक्का काळा रंग. अंदाजपत्रकात त्यानं चक्क 'एसए अडीच' असं लिहिलं होतं. पत्रा किती स्वच्छ झाला हे मोजायची ती खरी प्रतवारी आहे, जहाजांच्या कामात असलेल्या भाच्याकडून ऐकलेली. त्या एका शब्दावर मी भाळलो. 62 हजार ठरले, त्यातले 40 आगाऊ. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "मग अठरा टक्के वर लागतील." मी गप्प बसलो. ही चूक माझी.

तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो आले. पहिल्यात गंजलेली चासी, दुसऱ्यात काळीकुळीत, नव्या तव्यासारखी. मधला एकही नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ब्लास्टिंगवाला दुसरीकडे असतो, तो फोटो काढू देत नाही." मला ते पटलं! उरलेले पैसे दिले, वर पेढेही दिले.

गंमत अशी की खोटेपणा सगळा त्या मधल्या दिवसातच असतो. ब्लास्टिंग झालेला पत्रा राखेच्या रंगाचा दिसतो आणि हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो. कोकणच्या दमट हवेत तो काही तासांत पिवळा पडायला लागतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी मारावा लागतो. शिवाय ब्लास्टिंग काही लपवू देत नाही, कुजलेला पत्रा तिथंच फाटतो आणि मग वेल्डिंगचं काम वाढतं. ज्याला ते करायचं नसतं तो ब्लास्टिंगच करत नाही.

पहिला पावसाळा गेला आणि सप्टेंबरात चाक बदलायला बाजूच्या हाताखाली जॅक लावला. दोन फेरे दिले आणि पापड मोडावा तसा आवाज आला. जॅक सरळ आत. खाली लांबीची, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीची, खपली पडली, अंगठ्याएवढी जाड, तिच्यात काचेच्या धाग्यांची जाळी. पुढं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडत गेलो तर काळ्याखाली प्रायमरचा पत्ता नाही, तारेच्या ब्रशनं वरवर घासलेला तांबडा गंज तेवढा.

भाच्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. प्रायमर आणि रंग मिळून दीड-दोनशे मायक्रॉन समजण्यासारखे, इथं काही ठिकाणी यंत्राची मोजायची हद्दच संपली. यंत्र नसेल तर साधा चुंबक फिरवा, लांबीवर तो धरत नाही. हे मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं, खर्च वीस रुपये.

पण माझ्या मते सगळ्यात वाईट काम वेगळंच होतं. दांड्यांच्या तळाला पाणी निथळायला भोकं असतात. डांबरासारख्या जाड अंडरकोटनं ती सगळी बुजवली होती. वरून पाणी आत शिरतंच, आता बाहेर पडायला वाट नाही. वॅक्स तर आत गेलंच नव्हतं. काहीच केलं नसतं तर चासी यापेक्षा बरी राहिली असती.

फोन केला तर म्हणतो, "काका, तुमच्याकडची हवाच खारट." भेटायला गेलो तर "अंदाजपत्रक म्हणजे बिल नव्हे." ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण 62 हजार दिल्याचा माझ्याकडे कागद नाही. आगाऊ रक्कम रोख होती. यूपीआयनं गेलेल्या 22 हजारांवर आता वकिलाशी बोलणं चाललंय.

बॉडी पुन्हा उचलली. दुसऱ्या कारागिरानं चारही हात कापून दोन मिलिमीटरच्या पत्र्याचे नवे घातले. ब्लास्टिंगच्या दिवशी मी सकाळी आठपासून तिथं खुर्ची टाकून बसलो होतो, संध्याकाळी प्रायमर लागेपर्यंत. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.