डिस्क इमेज माउंट होत नाही: ऑफसेट की लॉसेटअप?

लिनक्सवर पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल, थेट माउंट केली (आतल्या फाइल्स वाचायला जोडली) की 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असा एरर येतो आणि फाइल खराब झाली असं वाटतं. बहुतेकदा ती धडधाकट असते. सुरुवातीला पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी) असतं, फाइल सिस्टिम पुढे सुरू होते. माउंट मात्र ती पहिल्याच बाइटपासून शोधतं.

पहिला मार्ग ऑफसेटचा, म्हणजे फाइल सिस्टिम कितव्या बाइटपासून सुरू होते ते माउंटला सांगण्याचा. एफडिस्क या कमांडला उणे एल देऊन स्टार्ट सेक्टर बघायचा आणि सेक्टरच्या आकाराने गुणायचं: २०४८ गुणिले ५१२ म्हणजे १०४८५७६. एकच पार्टिशन हवं असेल तर काम झटपट होतं. पण त्याच इमेजमधलं दुसरंही माउंट करायला गेलात की 'ओव्हरलॅपिंग लूप डिव्हाइस' अशी तक्रार येऊ शकते (लूप डिव्हाइस म्हणजे फाइल डिस्कसारखी वापरू देणारं डिव्हाइस). मग साइझलिमिटही (पार्टिशनचा आकार) द्यावं लागतं.

दुसरा मार्ग लॉसेटअपचा, म्हणजे लूप डिव्हाइस तयार करणाऱ्या कमांडचा. तिला उणे कॅपिटल पी दिलं की कर्नल स्वतः टेबल वाचतो, प्रत्येक पार्टिशनचं वेगळं डिव्हाइस मिळतं. आकडेमोड नाही, फाइल सिस्टिम तपासणारं एफएसचेकही थेट चालवता येतं. माझी पसंती यालाच. फक्त अनमाउंटनंतर उणे डी देऊन लूप सोडवायला विसरू नका.

डेटा परत मिळवायचा असेल, तर दोन्हीकडे आधी रीड-ओन्लीच माउंट करा.